कासवाचे ऊन

मराठी घराला कासव नवे नाही. देवळात पाऊल टाकले की गाभाऱ्यासमोरच्या फरशीत दगडी कासव भेटते, आणि त्याला हात लावून मगच आपण देवापुढे उभे राहतो. गीतेने स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना अवयव आत ओढून घेणाऱ्या कासवाचा दृष्टान्त दिला. आमच्या संतांनी मायेची थोरवी सांगताना कासवीची आठवण काढली. कासवीला पान्हा नाही, पिलांवर पसरण्यास पंख नाहीत, ती घासही भरवीत नाही. ती दुरून नुसती पाहते आणि त्या पाहण्यानेच पिले वाढतात, अशी ती कल्पना. 'कूर्मदृष्टी' हा सुंदर शब्द आपल्या भाषेत आहे तो त्यामुळेच.

निसर्गात मात्र कासवी पिलांकडे पाहावयास थांबत नाही. ती माती उकरते, अंडी घालते, वर माती लोटते आणि चालू लागते. पुढचे काम उन्हाने तापलेली माती करते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ साली समुद्री कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. तेथे किनाऱ्यावरची अंडी कुंपणाच्या आत वाळूत पुन्हा पुरून ठेवतात, आणि सुमारे पन्नास-साठ दिवसांनी पिले वाळू सारून वर येतात. त्या अंड्यांवर कोणी बसत नाही. वाळूची ऊब पुरते. कासवांच्या कित्येक जातींत तर पिलू नर व्हावे की मादी, हेही त्या मातीच्या तापमानावरच ठरते. संतांनी कासवीच्या ठिकाणी जी दृष्टी कल्पिली, ती खरोखरी सूर्याची आहे असे म्हटले तर वावगे होऊ नये.

हे सांगण्यास निमित्त झाली ती या थंडीत आमच्याकडे आलेली तीन पत्रे. इंदूरच्या एका भगिनी लिहितात की, त्यांच्या मुलाने आफ्रिकेतील जातीचे एक लहान कासव घरी आणले आहे. कागदपत्रे रीतसर आहेत. राहावयास चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. थंडी पडल्यापासून कासव कोपऱ्यात बसून असते, खात नाही. तर कोणता दिवा लावावा? दुसरे पत्र बडोद्याच्या एका गृहस्थांचे. त्यांच्या घरी पाठीवर चांदण्या असलेले आपल्याच देशातील कासव बऱ्याच वर्षांपासून आहे आणि त्यांचाही प्रश्न दिव्याचाच. तिसरे पत्र आमच्या उज्जैनचेच. घरी काचेच्या पेटीत लाल कानाचे पाण्यातले कासव आहे. ते मलूल झाले आहे, आणि घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात की, संक्रांतीला रामघाटावर नेऊन त्याला शिप्रामाईच्या स्वाधीन करावे. पुण्यही लागेल आणि जीवही सुटेल. हे योग्य होईल का?

प्रश्न तीन दिसले तरी त्यांचे मूळ एक आहे. ते मूळ नीट समजले म्हणजे दिव्याची निवड अवघड राहत नाही.

आपण अन्न खातो आणि त्यातील बराच भाग देहाची ऊब राखण्यात खर्च करतो. कासवाच्या देहात अशी शेगडी नाही. त्याला 'शीत रक्ताचे' म्हणण्याची पद्धत आहे, पण तो शब्द फसवा आहे. त्याचे रक्त थंड नसते. ते जेथे बसले असेल त्या जागेइतके ऊन किंवा गार असते. चालणे, भूक लागणे, खाल्लेले पचणे, रोगाशी झुंजणे ही सारी कामे त्याला बाहेरून उसनी आणलेल्या उबेवर करावी लागतात. ऊब मिळाली नाही तर पोटात गेलेला पालासुद्धा पचत नाही. म्हणूनच थंडीत गारठलेल्या कासवापुढे काकडीचे काप वाढवीत राहणे व्यर्थ आहे. त्याला आधी ऊन द्यावे, मग अन्न.

ही गोष्ट पाहावयाची असेल तर पौषातल्या एखाद्या सकाळी रामघाटावर जावे. आमचा घाट नदीच्या पूर्वेच्या काठावर आहे. त्यामुळे सूर्य आपल्या पाठीमागून, शहराच्या घरांआडून वर येतो आणि सकाळचे ऊन आधी समोर दत्त आखाड्याच्या बाजूला पडते. स्नान करून कुडकुडत वर आलेला यात्रेकरू जेथे ऊन पडले असेल ती पायरी शोधतो. अंग तापले की तोच मनुष्य उठून छत्रीखाली सावलीत जातो. ऊन आणि सावली दोन्ही जवळ असावी आणि हवे तेव्हा इकडून तिकडे जाता यावे, एवढेच त्याला हवे असते. कासवालाही नेमके हेच हवे असते. तेव्हा घरातील कासवाच्या पेटीला नदीसारखे दोन काठ असावेत, एक उन्हाचा आणि एक सावलीचा. सगळी पेटी सारखी तापविणे ही थंडीइतकीच घातक गोष्ट आहे. कारण मग कासवाला पळून जाण्यास जागाच राहत नाही.

दिव्याकडे वळण्यापूर्वी बडोद्याच्या गृहस्थांना उत्तर देणे भाग आहे, आणि ते त्यांना रुचणार नाही. पाठीवर चांदण्या असलेले ते कासव, ज्याला बाजारात 'स्टार कासव' म्हणतात, घरी ठेवणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते संरक्षित होतेच. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, ते पहिल्या अनुसूचीत आले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते आता वाघाच्या पंगतीत बसले आहे, आणि या अनुसूचीतील प्राण्याविषयीच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंधन आले. इतका बंदोबस्त का, असे कोणी विचारील. त्याचे कारण ही सुंदर पाठच आहे. शोभेसाठी, 'घरात लक्ष्मी राहते' या समजुतीसाठी आणि परदेशी विक्रीसाठी ही कासवे रानातून पोत्यांनी उचलली गेली. नखे मोजून पैशांचा पाऊस पाडू पाहणाऱ्या भोंदूंनी कासवांचे जे हाल केले ते निराळेच. 'आमच्याकडे फार दिवसांपासून आहे, आम्ही जीव लावतो' हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. आणि खरे सांगावयाचे तर कासवापुढेही टिकत नाही. कितीही उत्तम दिवा आणला तरी त्याच्या उजेडात हे कासव आपले होत नाही. त्या गृहस्थांनी जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊन वनविभागाशी संपर्क साधावा. कासवाला रात्रीच्या अंधारात शेतात सोडून मोकळे होऊ नये. पुष्कळ वर्षे घरात वाढलेला प्राणी अनोळखी शेतात तग धरील याचा भरवसा नाही.

परदेशी जातींचे नियमही आता स्पष्ट झाले आहेत. आंतरराष्ट्रीय यादीतील जिवंत प्राणी ज्यांच्या घरी आहेत त्यांनी त्यांची नोंदणी करावी, पुढे जन्म-मृत्यूही कळवावेत, असे याच दुरुस्तीने ठरविले आणि २०२४ साली त्याचे नियम निघाले. जमिनीवरच्या कासवांचे सगळे कुळच त्या यादीत आहे. इंदूरच्या भगिनींनी आपले कागद या नोंदणीशी एकदा ताडून पाहावेत.

आता दिवा. कासवाच्या उन्हात दोन वस्तू एकत्र असतात, ऊब आणि अतिनील किरण. घरात त्या बहुधा दोन निरनिराळ्या दिव्यांनी द्याव्या लागतात. दुकानदाराने 'एक दिवा लावा, सगळे होईल' असे सांगितले तर आधी विचारावे की, यातून ऊब किती मिळते आणि अतिनील किरण मिळतात का.

प्रथम ऊब. पूर्वी हा प्रश्न सोपा होता. तारेचा जुना पिवळा बल्ब घेतलेल्या विजेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेत उधळीत असे, आणि कासवाला तीच उधळपट्टी हवी असते. आता घरोघरी एलईडी आले. ते वीज वाचवितात ते उष्णता न देऊनच. म्हणून कासवाच्या पेटीवर एलईडी लावून 'दिवा तर आहे' असे समाधान मानणे फोल आहे. हॅलोजनचा, मागे आरसा असलेला, झोत रुंद पाडणारा बल्ब सर्वांत बरा. झोत निदान कासवाच्या पाठीएवढा रुंद असावा. अरुंद झोताने पाठीचा मधलाच भाग भाजून कोरडा पडतो आणि पाय गारच राहतात. कासव मोठे असेल तर एका जबर बल्बापेक्षा कमी शक्तीचे दोन बल्ब शेजारी शेजारी लावावेत.

बल्ब किती वॅटचा, हे कोणीही पत्रातून सांगू शकणार नाही. ते पेटी केवढी, खोली किती गार आणि दिवा किती उंच यावर अवलंबून आहे. मोजावयाची वस्तू वॅट नसून तापमान आहे. आफ्रिकेतील त्या जातीच्या पिलासाठी दिव्याखाली, कासवाच्या पाठीच्या उंचीवर, दिवसा ३५ अंश सेल्सियसच्या आसपास तापमान असावे. पेटीच्या दुसऱ्या टोकाला २५ च्या आसपास. आणि रात्री २० च्या खाली जाऊ नये. दोन थर्मामीटर घ्यावेत, एक या काठाला, एक त्या काठाला. दिवा वर-खाली करून हे आकडे जमवावेत. तो वीतभर अंतरावर कधीच आणू नये. निदान एक फूट तरी अंतर असावे.

ऊब वरूनच यावी, हा दुसरा नियम. अंगाखाली पसरावयाच्या विजेच्या गाद्या आणि तापणारे कृत्रिम दगड विकत मिळतात. ते घेऊ नयेत. रानात ऊन पाठीवर पडते, आणि फार तापले की कासव मातीत शिरते, कारण खाली गारवा असतो हे त्याला उपजत ठाऊक असते. तळच तापला तर त्याचे हे ज्ञान त्याला फसविते आणि पोटाकडची बाजू भाजली तरी ते हलत नाही.

रात्री अंधार हवा. ऊब हवी म्हणून लाल किंवा निळा दिवा रात्रभर लावण्याची चाल आहे, ती चांगली नाही. कासवाला रंग दिसतात आणि त्याची झोप मोडते. रात्रीसाठी चिनी मातीचा, उजेड न देता फक्त तापणारा गोळा मिळतो. तो बल्बासारखाच होल्डरमध्ये बसतो. त्याला थर्मोस्टॅट जोडलेला असलाच पाहिजे, म्हणजे ठरलेले तापमान आले की वीज आपोआप थांबते. दिवसाच्या बल्बासाठी दिवा मंद-तेज करणारा थर्मोस्टॅट निराळा मिळतो. माळव्यात जानेवारीच्या रात्री तापमान ८-१० अंशांवर येते आणि मे महिन्यात दुपार ४० च्या वर जाते. थंडीत बसविलेली व्यवस्था उन्हाळ्यात कोणी बंद करावयास विसरले तर कासव पेटीत शिजून निघेल. थर्मोस्टॅटचे मोल तेव्हा कळते.

दुसरी वस्तू अतिनील किरण. आपल्या आज्या बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात निजवीत. त्यामागचे शास्त्र त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, पण मुडदूस काय असतो हे त्यांनी पाहिले होते. उन्हातील अतिनील किरणांनी त्वचेत 'ड' जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्यावाचून चुना हाडांत मुरत नाही. कासवाचे तर घरच हाडाचे. हे किरण मिळाले नाहीत तर कवच मऊ पडते, वेडेवाकडे वाढते, पाय देह उचलीनासे होतात. आणि हे सारे इतक्या सावकाश घडते की, घरच्यांना ते दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

येथे सर्वांत मोठा गैरसमज खिडकीचा. 'आमचे कासव रोज खिडकीत उन्हात बसते' असे पुष्कळ लोक अभिमानाने सांगतात. साध्या काचेतून ऊब येते, उजेड येतो. पण हे उपयोगी किरण जवळजवळ सगळे काचेतच अडतात. काचेमागचे ऊन दिसावयास ऊन असले तरी हाडांच्या उपयोगाचे नाही.

म्हणून अतिनील किरणे देणारी नळी वेगळी आणावी. लांब नळी बरी. कारण तिचा उजेड पेटीच्या अर्ध्या भागावर पसरतो. ऊब देणारा बल्ब आणि ही नळी एकाच काठावर, एकमेकांशेजारी असाव्यात. कारण त्वचेत ते जीवनसत्त्व पुरे तयार होण्यास ऊबही लागते, आणि रानातही ऊन-किरणे एकदमच येतात. दुसरा काठ सावलीचाच राहू द्यावा. मध्ये काच किंवा प्लास्टिक असू नये. बारीक जाळीसुद्धा बरेच किरण खाते. अंतर वेष्टनावर दिलेले असते, बहुधा एक ते दीड फूट, ते पाळावे. किरणे वरूनच यावीत. बाजूने आली तर डोळ्यांना इजा होते, कारण कासवाच्या भुवया सूर्य माथ्यावर आहे असे धरून घडविलेल्या असतात. आणि एक गोष्ट भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. ही नळी डोळ्यांना उजळ दिसत राहिली तरी तिचे अतिनील तेज आधी विझते. नळीच्या जातीप्रमाणे सहा महिन्यांनी ते वर्षाने ती बदलावी लागते. ऊब आणि अतिनील किरण दोन्ही देणारे पाऱ्याच्या वाफेचे बल्बही मिळतात; परंतु ते मंद करता येत नाहीत आणि लहान पेटीत फार तापतात. मोठी मोकळी जागा असेल तरच त्यांचा विचार करावा.

दिव्यांची वेळ सूर्याची असावी, दिवसाला सुमारे बारा तास. वेळ लावलेला स्विच मिळतो; तो घ्यावा, म्हणजे घरचे लग्नाला गेले तरी कासवाची सकाळ चुकत नाही.

याहून स्वस्त आणि उत्तम दिवा एकच आहे, तो म्हणजे प्रत्यक्ष सूर्य. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही जयसिंगपुऱ्यातील वेधशाळेत नेतो तेव्हा शंकुयंत्राची सावली दाखवितो. उज्जैनचे अक्षांश सुमारे २३ अंश ११ कला. २२ डिसेंबरच्या सुमारास येथे माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४३ अंशांवर असतो आणि शंकूची सावली त्याच्या उंचीहून किंचित लांब पडते. २१ जूनच्या सुमारास सूर्य जवळजवळ माथ्यावर येतो आणि सावली पायात जाते. सूर्य जितका उंच तितके हे किरण प्रखर. म्हणून थंडीत कासवाला अकरा ते दोनच्या दरम्यान गच्चीवर न्यावे, उन्हाळ्यात सकाळी नवाच्या आत. अर्धा तास पुरे. त्यातही बाजूला सावली आणि उथळ पाणी हवे, आणि वर घारीसाठी जाळी. काचेच्या पेटीसकट मात्र उन्हात कधीही ठेवू नये, ती घटकेत भट्टी होते. जुन्या वाड्यांना चौक होता, चौकात ऊन येत असे. फ्लॅटमध्ये चौक नाही, म्हणून तेथे दिव्याला एवढे महत्त्व.

तयारीच्या चार गोष्टी थोडक्यात. पेटी लाकडाची, वर उघडी, चांगली लांब असावी. होल्डर चिनी मातीचा असावा, प्लास्टिकचा वितळतो. दिवा साखळीने टांगावा, विजेच्या तारेवर लोंबकळत ठेवू नये. आणि भोवती लोखंडी जाळी असावी. वाळलेले गवत दिव्याखाली नको. खोलीत तारेची उघडी शेगडी ठेवून झोपणे माणसाला घातक, तसेच कासवालाही. पाण्यातल्या कासवाला पाण्याबाहेर पूर्ण कोरडे होऊन बसता येईल असा दगड किंवा लाकडाचा ओटा हवा आणि दिवे त्या ओट्यावर हवेत. पाणी २४ ते २६ अंश. पाणी आणि वीज जवळ आली की गळती होताच वीज तोडणारा स्विच घरात असल्याची खात्री करावी. वीज गेली तर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पेटीच्या झोपावयाच्या खोपटात, एका बाजूला ठेवावी. दिव्यांनी हवा कोरडी होते. लहान पिलाचे कवच त्यामुळे उंचवट्यांनी वाढते. खोपटात ओलसर माती आणि दर दोन-तीन दिवसांनी कोमट पाण्यात हनुवटीइतके स्नान, एवढ्याने ते टळते. समुद्रफेसाचा तुकडा जवळ ठेवावा. चुना त्यातून मिळतो.

खर्चाचा हिशेब आम्ही शिक्षकी सवयीने मांडून पाहिला. १०० वॅटचा बल्ब बारा तास म्हणजे १.२ युनिट. २४ वॅटची नळी बारा तास, जवळजवळ ०.३ युनिट. रात्रीचा ६० वॅटचा गोळा थर्मोस्टॅटमुळे निम्मा वेळ चालला तर ०.३६. एकूण दिवसाला दोन युनिटांच्या आत, महिन्याला पंचावन्न-साठ युनिट. वर्षाला एक-दोन नळ्या निराळ्या. प्राणी घरी आणताना त्याच्या किमतीबरोबर हाही आकडा कागदावर मांडावा.

एक शंका इंदूरच्या पत्रातही आहे. सासूबाई म्हणतात, 'कासव थंडीत झोपतेच, राहू द्या.' काही जातींच्या बाबतीत हे खरे आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये गिल्बर्ट व्हाइट नावाच्या निसर्ग-अभ्यासक पाद्र्याकडे 'टिमोथी' नावाचे कासव होते. ते नोव्हेंबरात स्वतःला मातीत गाडून घेई आणि एप्रिलात वर येई. त्याच्या या दिनक्रमाची नोंद व्हाइटने वर्षानुवर्षे ठेवली. (मरणानंतर कळले की टिमोथी मादी होती.) परंतु ते भूमध्य समुद्राकडचे कासव. तेथील कासवांच्या देहाला हिवाळ्याची झोप ठाऊक आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील कासवाला ती ठाऊक नाही. खोलीत तेरा-चौदा अंशांवर ते निपचित पडते त्याला निद्रा म्हणू नये. तो गारठा आहे. भूक मेलेली, पण देहाची झीज चालू, आणि नाकातून पाणी आले तर छातीत रोग शिरला असे समजावे. अशा वेळी दिवा लावून थांबू नये. प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. त्या भगिनींना आणखी एक सांगणे आहे. ही जात जगातील तिसऱ्या क्रमांकाची मोठी. आज तळहातावर मावणारे हे पिलू पुढे चाळीस किलोंच्या वर जाते आणि माणसाइतके जगते. पेटी आणि दिवा ही केवळ पहिली काही वर्षे झाली. पुढे अंगणच लागेल.

आता आमच्या गावचे तिसरे पत्र. रामघाटावर नदीला काही अर्पण करण्याचा भाव आम्ही जाणतो. त्या घाटावर आमच्याही घरच्या पिढ्यांनी तर्पणे केली आहेत. पण कासव म्हणजे निर्माल्य नव्हे. लाल कानाचे हे कासव अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. नाण्याएवढे असताना ते विकत मिळते आणि ताटलीएवढे होते. पेटी अपुरी पडली, पाणी घाण होऊ लागले की लोकांना पुण्य आठवते. असे सोडलेले कासव कधी मरते; कधी मरत नाही, आणि ते अधिक वाईट. ते दांडगे असते, पुष्कळ काही खाते, ऊन खावयाच्या जागा आपल्या देशी कासवांकडून बळकावते, आपले रोग त्यांना देते. युरोपातील देशांनी १९९७ सालीच त्याची आयात थांबविली. आपल्याकडे २०१८-१९ च्या सुमारास गुवाहाटीच्या दीपोर बिल सरोवरात आणि उग्रतारा मंदिराच्या तळ्यात ती आढळली. देवळाच्या तळ्यात अमेरिकेचे कासव आपल्या पायांनी आले नसणार. कोणीतरी हात जोडूनच ते सोडले असेल. आणि जमिनीवरचे कासव नदीत सोडण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर त्याने एवढे जाणावे की, ते पोहू शकत नाही. कासव म्हणजे पाण्यातलेच, या समजुतीने त्याला पाण्यात सोडणे म्हणजे डोळ्यांदेखत बुडविणे आहे.

तेव्हा त्या घरच्या वडीलधाऱ्यांस आमची नम्र विनंती अशी की, संक्रांतीचे पुण्य घरीच करावे. कासवाला बसावयास एक कोरडा ओटा, वर एक उबेचा बल्ब, शेजारी किरणांची नळी, आणि पाण्याला चोवीस अंशांची ऊब. एवढे करून पंधरा दिवस वाट पाहावी. सुधारणा दिसली नाही तर डॉक्टरांना दाखवावे. सांभाळणे खरोखरच अशक्य असेल तर वनविभागास किंवा इंदूरच्या कमला नेहरू प्राणिसंग्रहालयास विचारावे, वा जाणकार सांभाळणारा शोधावा. घरातील मुलांनी एक वही घालावी. सकाळ-संध्याकाळ दोन्ही काठांचे तापमान, कासव कोठे बसले होते, किती खाल्ले, हे लिहावे. महिन्याभरात ती वही कोणत्याही दुकानदारापेक्षा अधिक शिकवील, आणि मुलांना हेही कळेल की, जो जीव आपण उन्हातून उचलून आणला त्याचे ऊन देणे आपल्याकडे लागते.

ज्यांच्या घरी अद्याप कासव आलेले नाही त्यांनी आणण्यापूर्वी घरातील सर्वांत धाकट्या मुलाला समोर बसवून विचारावे. हा प्राणी बहुधा आपल्या मागे उरेल. आपण नसू तेव्हा रोज सकाळी त्याचा दिवा कोण लावील? उत्तर मिळेपर्यंत पेटी विकत घेऊ नये.